विजेच्या इंजिनाला मत द्या

विल्फ ब्रेथवेट यांच्या माळ्यावर एक संपूर्ण रेल्वे होती. फक्त तिच्यात गाडी नव्हती.

बाकी कशाची म्हणून कमी नव्हती. प्लास्टरचे डोंगर होते, डोंगरात बोगदा होता, बोगद्याच्या तोंडाशी स्टेशन होतं आणि फलाटावर नखाएवढी छत्री घेतलेली एक बाई उभी होती. रुळांच्या कडेनं खांब होते, आणि खांबांवरून केसासारख्या बारीक तारा गेल्या होत्या, एकेक सांधा हातानं डाख देऊन जोडलेल्या. विल्फनी तरुणपणी याच डोंगरातल्या लाइनीवर विजेचं इंजिन चालवलं होतं. पुढे लाइन बंद पडली, रूळ उखडले गेले, बोगद्याला गज लागले. तेव्हा रेल्वेनं टाकून दिलेली लाइन विल्फ घरी घेऊन आले. पण त्यांचं ते चौकोनी हिरवं इंजिन, ज्याला सारं क्लॉफ्टन गाव 'पावपेटी' म्हणायचं, ते छोट्या आकारात कुठलीच कंपनी बनवत नव्हती. वाफेची इंजिनं मागाल तितकी. एकच वाफेचं इंजिन हिरवं मिळे, काळं मिळे, युद्धाच्या काळातलं मळकं मिळे, आणि युद्ध संपल्यावर पुसलेलंही मिळे. विजेच्या इंजिनाचं नाव काढलं की मात्र कंपन्यांचे कान बंद. आणि स्वतःच्या तारांखालून वाफेचं इंजिन सोडणं म्हणजे विल्फच्या लेखी चॅपलमध्ये बसून बिअरची बाटली उघडणं.

म्हणून छत्रीवाली बाई ताटकळत उभी होती.

हे सगळं वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं असतं. पण एका शरद ऋतूत विल्फ आपली रेल्वे गावच्या मॉडेल क्लबाच्या प्रदर्शनात घेऊन गेले. क्लबाचे सेक्रेटरी क्लेमंट ऑर्मरॉड, नखशिखांत वाफेचे भक्त, चहाचा कप घेऊन आले, तारांकडे वाकून पाहिलं आणि चार लोकांत म्हणाले, "विल्फ, तारा झकास हां. कपडे वाळत घालायची सोय झाली."

 विल्फनी डोंगर, बोगदा आणि बाई मोटारीत भरली, घरी आणली, माळ्यावर चढवली आणि मागोमाग स्वतः चढले. ते जवळजवळ तिथलेच झाले. जेवायला आणि झोपायला उतरत, पण घराबाहेर पाऊल नाही. क्लब नाही, चॅपल नाही, कोपऱ्यावरचं चिप्सचं दुकानही नाही. बायकोला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी ब्रायनी दोन गल्ल्या सोडून खाली राहत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बाबांच्या माळ्याची, छपरातली खिडकीवजा झडप दिसे. काळजी करणं हा तिचा मूळचा स्वभाव होता, मेबलच्या जन्मानंतर तो पूर्णवेळ व्यवसाय झाला. द्राक्ष उभं चिरून त्याचे चार तुकडे केल्याशिवाय बाळाला देऊ नये, हे तिनं दुधवाल्यालाही समजावून सांगितलं होतं. आता तिच्या काळजीला दोन टोकं आली. एका टोकाला दिसेल ते तोंडात घालणारी मुलगी, आणि दुसऱ्या टोकाला तोंडही न उघडणारे वडील.

"बाबा, आज बाहेर ऊन आहे," ती वाफाळलेल्या जेवणाचं ताट घेऊन शिडीच्या तळाशी उभी राहून म्हणे.

"पाहिलं मी. झडपेतून."

"मेबलला फिरवून आणता?"

"तिला इथे आण."

"तिथे बारीकसारीक वस्तू आहेत बाबा! ती स्टेशनमास्तर गिळेल!"

"गिळू दे. नाहीतरी त्याला काम काय आहे?"

ब्रायनी ताट पायरीवर ठेवून घरी आली. त्या दिवशी तिच्या मनानं घेतलं की इंजिन मिळालं तर बाबा खाली येतील. आणि एकदा ब्रायनीच्या मनानं काही घेतलं की ते सोडवायला डॉक्टर लागत असे.

मॉडेलवाल्यांचं एक मासिक दर वसंतात मतदान घेई. 'तुम्हाला कोणतं इंजिन हवं?' ज्याला भरघोस मतं, ते कंपन्या बनवायला घेत. आता हा निव्वळ योगायोग नव्हे, दैवी संकेत आहे असं ब्रायनीला वाटलं, कारण कॉलेजात तिचा प्रबंधच मुळी 'स्थानिक मतदारांची उदासीनता' या विषयावर होता. त्याला उत्तम शेरा मिळाला होता. तो वाचला मात्र कुणीच नव्हता, परीक्षकांना धरून.

तिनं संगणकावर मतपत्रिका उघडली. वाफेची इंजिनं, एक भलीमोठी यादी. डिझेलची इंजिनं, त्याहून लांब यादी. मग 'इतर'. या इतरमध्ये क्रेन, बर्फ ढकलायचं यंत्र, फिरता स्वच्छतागृह-डबा आणि, असल्यास, विजेची इंजिनं. पण विजेच्या इंजिनाचं नाव आयतं नव्हतंच. ते सुचवायला मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याचं नामांकन लागत होतं.

म्हणजे ऑर्मरॉड.

"ब्रायनी बाळ," ऑर्मरॉड म्हणाले, "विजेच्या इंजिनाला आत्मा नसतो गं. धूर नाही, शिट्टी नाही, घाम नाही. फ्रिजला चाकं लावल्यासारखं."

"पण काका, तुमची ही वाफेची मॉडेलं चालतात कशावर?"

"रुळातल्या विजेवर. म्हणजे काय?"

"मग ती विजेचीच झाली ना?"

ऑर्मरॉडनी तिच्याकडे अशी करुणेची नजर टाकली, जशी पाद्री भर प्रवचनात 'देव दिसतो का?' विचारणाऱ्या पोरावर टाकतो. "तो तपशील आहे," ते म्हणाले. "नामांकन सदस्यालाच करता येतं. आणि सदस्य व्हायला दोन वर्षं चहाच्या टेबलावर सेवा लागते."

पण नियम बनवणारा कितीही चतुर असला तरी काळजीखोर आई नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचते. शेवटच्या पानावर 'बालसदस्य, पालकांसह' असा वर्ग होता, चहाच्या सेवेतून सूट असलेला. अशा रीतीनं मेबल टॅटरसॉल, दात दोन, क्लॉफ्टन मॉडेल रेल्वे क्लबाची सदस्य झाली आणि पावपेटीच्या नामांकनावर सूचक म्हणून तिचं नाव गेलं. ऑर्मरॉडना सही करावी लागली. मेबलनं त्यांचं पेन चघळून दिलं.

नामांकनासोबत इंजिनाचं चित्र जोडायचं होतं. इथे खरं तर घोडं पेंड खायला हवं होतं, म्हणजे ब्रायनी वाचली असती. पण बाबांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना अचानक सुखद धक्का द्यायचा होता. तिनं नवऱ्याला विचारलं. डंकन म्हणाला, "हिरवा खोका, दोन्हीकडून तोंड." शेजारच्या सग्डनबाईंना विचारलं. त्यांचे दिवंगत यजमान वाफेच्या इंजिनावर कोळसा घालत. त्या म्हणाल्या, "पोरी, मी त्या इंजिनाकडे कधी बघितलं नाही. आमच्या ह्यांची नोकरी खाल्ली त्यानं. बघितलं असतं तर थुंकले असते." मग ब्रायनीनं मेबलला एका मांडीवर घेऊन संगणकात शोधलं. हिरवा खोका सापडला. दोन्हीकडून तोंड होतं. तिनं तो चिकटवला.

आता मतं. मतं मिळवायची तर प्रचार हवा, प्रचाराला पोस्टर हवं. पोस्टरवर तेच चित्र, वर ठळक अक्षरांत: 'विजेच्या इंजिनाला मत द्या'. तिनं ते चिप्सवाल्याकडे लावलं, खाटकाकडे लावलं, बाळांचं वजन करतात त्या दवाखान्यात लावलं. बाबांची गल्ली तेवढी जाणूनबुजून वगळली. शेवटी ती वाचनालयात गेली.

वाचनालयातल्या बाईंनी चष्मा वर केला. "मत द्या लिहिलंय."

"हो. मॉडेल इंजिनाला."

"कौन्सिलच्या निवडणुका तोंडावर आहेत, ठाऊक आहे ना? या काळात जिथे 'मत द्या' लिहिलंय, तिथे छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. नियम आहे."

"अहो, पण हे इंजिन निवडणुकीला उभं नाही!"

"असं गेल्या खेपेला एकजण आपल्या बोकडाबद्दल म्हणाला होता," बाई थंडपणे म्हणाल्या. "शेवटी उभा राहिला बोकड."

प्रबंधाला उत्तम शेरा मिळवलेल्या बाईनं नियमाशी वाद घालणं शोभत नाही. ब्रायनीनं रात्रीचा स्वयंपाक डंकनवर सोडला आणि सगळी पोस्टरं पुन्हा छापली. तळाशी: 'प्रकाशक: ब्रायनी टॅटरसॉल', आणि घराचा पूर्ण पत्ता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात एक गृहस्थ कचऱ्याचा डबा घेऊन उभे होते. हातात नव्हे, चक्क ओढत आणला होता.

"तुम्हीच ना उभ्या आहात?"

"मी? मी बसले होते. बाळाला भरवत."

"ते असू दे. हे झाकण बघा. उचलणारे लोक आपटतात, तुटतं. निवडून आल्यावर पहिलं हे बघायचं."

त्यांच्या मागून रस्त्यातले खड्डे आले, म्हणजे खड्ड्यांची तक्रार घेऊन माणसं आली. बाळांच्या खेळवर्गातल्या आयांनी शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मागितलं, आणि ती मागणी इतकी रास्त होती की ब्रायनीनं आश्वासन देऊन टाकलं. नंतर तिला घाम फुटला. एका शेतकऱ्यानं 'विजेला मत' म्हणजे डोंगरावर विजेचे मनोरे येणार असा अर्थ काढला आणि 'मनोरे नकोत' अशी पाटी घेऊन, सोबत एक मेंढी, तिच्या फाटकाशी उभा राहिला. मेंढीनं तिची फुलं खाल्ली. दुसरे एकजण आनंदानं हात हलवत आले. त्यांना वाटलं चौकात विजेच्या मोटारी चार्ज करायची सोय होणार.

"नाही हो, हे रेल्वेच्या इंजिनाचं आहे. खेळण्यातल्या. म्हणजे मॉडेलच्या."

"पण मॉडेलच्या गाड्या सगळ्या विजेवरच चालतात ना?"

हा प्रश्न तिला चिप्सवाल्यानं विचारला होता, खाटकानं विचारला होता, वजन करणाऱ्या नर्सनं विचारला होता. सुरुवातीला ती शांतपणे फरक समजावून सांगे. मग फक्त डोळे मिटू लागली. एकदा अंघोळ करतानाही तिला तो प्रश्न ऐकू आला.

"तू सोडून दे हे," डंकन म्हणाला. "लोक आपल्याला हसताहेत."

"हसू देत. मतं देताहेत का?"

"मतं? माझा साहेब मला विचारतो, तुझी बायको कोणत्या पक्षाची? मी म्हटलं, पावपेटी. तो म्हणतो, अतिउजवे दिसतात."

सग्डनबाई मात्र पेटल्या होत्या. नवऱ्याची नोकरी खाणाऱ्या इंजिनाचा प्रचार त्या का करत होत्या, कोण जाणे. ऑर्मरॉडना खिजवता येतं, एवढं कारण बहुधा त्यांना पुरलं. एका ओल्याचिंब सकाळी त्या डोक्याला प्लास्टिकचा स्कार्फ बांधून आल्या. "उरलेली पोस्टरं लावून टाकली गं सगळी. चॅपल बँक गल्लीतल्या बसथांब्यावर पण लावलं. झोकात दिसतंय."

ब्रायनीच्या हातातलं द्राक्ष पडलं. अख्खं.

"चॅपल बँक? सग्डनबाई, तो थांबा बाबांच्या घरासमोर आहे!"

"म्हणून तर लावलं. म्हाताऱ्याला झडपेतून दिसेल, बरं वाटेल."

ब्रायनीनं खिडकीतून वर पाहिलं. माळ्याची झडप सताड उघडी होती आणि पाऊस आत जात होता. बाबा आपल्या तारांवर एक थेंब पडू देत नसत.

ती मेबलला बाबागाडीत कोंबून, वरून प्लास्टिक ओढून, चढावर धावत सुटली. बाबांचं दार उघडं. शिडी खाली. माळ्यावर दिवा जळतोय, चष्म्याची डबी उघडी, चपला जागेवर नाहीत. बाबा नाहीत. काळजी हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यासमोर अशा वेळी सगळा माल एकदम येऊन पडतो: शिडीवरून पडले असतील, नाही, पडले असते तर इथे असते, चक्कर येऊन रस्त्यात पडले असतील, ट्रकखाली, ओढ्यात. ती बसथांब्यापाशी आली आणि थबकली.

पोस्टरवर लाल पेन चाललं होतं. इंजिनाच्या तोंडावर एक बाण, आणि बाणाच्या शेपटाशी बाबांचं टोकदार अक्षर: 'इथे दार नव्हतं.'

खाटकाकडे तिला दुसरं पोस्टर दिसलं. 'इथे दार नव्हतं. आणि चाकं मोजा.'

"आत्ताच गेले," खाटीक म्हणाला. "घरातल्या चपला होत्या पायात. मी म्हटलं विल्फ, किती महिन्यांनी! तर म्हणाले, बोलायला वेळ नाही."

दवाखान्यात बाणांची संख्या वाढली होती आणि अक्षर चिडलं होतं. 'छपरावरचा, तारेला टेकणारा सांगाडा उलटा. हे इंजिन आमच्या लाइनीचं नाही. हे डोंगर चढूच शकत नाही.' नर्सनं सांगितलं की ते बाळांच्या वजनाच्या रांगेतून पुढे घुसले, पण जाताना तीन आयांना ब्रेक कसे लागतात ते समजावून गेले. वाचनालयात तर पोस्टरची मूळ अक्षरंच दिसेनात. कडेला बाबांनी खरं इंजिन काढलं होतं, खिडक्यांसकट. वाचनालयाच्या बाई पहिल्यांदाच हतबल दिसल्या. "मी त्यांना त्या बोकडाची गोष्ट सांगून म्हटलं, दुरुस्ती करणाऱ्याचाही नाव-पत्ता लागेल. त्यांनी लिहिला. त्याखाली 'बोकड' असंही लिहिलं. हे का, ते कळलं नाही."

त्या लाल बाणांचा माग काढत ब्रायनी भिजत, धापा टाकत शेवटी चॅपलच्या मागच्या दालनात पोचली. तिथे क्लब भरला होता. ऑर्मरॉडच्या खुर्चीत बाबा बसले होते. ओल्या चपला हीटरवर, एका हातात चहा, दुसऱ्यात आल्याच्या केकचा तुकडा, आणि ऑर्मरॉड स्वतः फळा धरून उभे होते.

"नाही, नाही, क्लेम, पुस पुस. खिडकी त्याहून वर. तुला माझ्या तारा कपडे वाळत घालायच्या दिसल्या ना? मग इंजिन कुठलं दिसणार?"

"अरे, पण पुस्तकात..."

"पुस्तक लिहिणारा होता का बोगद्यात? मी होतो."

ब्रायनी दारातच उभी राहिली. सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ओल्या बाबागाडीकडे पाहिलं, आणि गंभीरपणे खिशातून घडी केलेलं पोस्टर काढलं.

"ही ब्रायनी टॅटरसॉल कोण बाई आहे, कुणाला ठाऊक आहे का? पत्ता आपल्याच बाजूचा दिसतोय."

क्लब खोकला. ब्रायनीचे कान तापले. पदवी, प्रबंध, आईपण, सगळं एकदम पावसात भिजल्यासारखं वाटलं तिला.

"तिला भेटलात तर निरोप द्या," बाबा म्हणाले. "म्हणावं, मतं मागायला निघालीस, तर आधी उमेदवाराचा चेहरा तरी बघावा."

"बाबा, मी फक्त..."

"ये, बस. भिजलीयस. क्लेम, हिला चहा दे. आणि त्या तुझ्या दोन दातांच्या सदस्यबाईंना माझ्याकडे दे." त्यांनी मेबलला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीतलं काहीतरी शांतपणे काढून घेतलं आणि ऑर्मरॉडना दिलं. वाफेच्या इंजिनाचं चाक होतं ते.

पोस्टरवर लाल पेन चालतं, मतपत्रिकेवर चालत नाही. मासिकाकडे गेलेलं चित्र गेलं ते गेलंच. कौन्सिलच्या निवडणुकीत ब्रायनीचं नाव नव्हतं, तरी काही मतपत्रिकांवर लोकांनी ते हातानं लिहिल्याचं कानावर आलं. ती मतं बाद झाली. मासिकाच्या मतदानात पहिलं अर्थातच तेच वाफेचं इंजिन आलं, या खेपेला निळ्या रंगात. पण 'इतर' या वर्गात, बर्फ ढकलायच्या यंत्राला मागे टाकून, इतिहासात पहिल्यांदा विजेचं इंजिन निवडून आलं. करायला गेली गणपती आणि झालं माकड: कंपनीनं जाहीर केलं ते पोस्टरवरचं, दार असलेलं, चुकीच्या चाकांचं, डोंगर चढू न शकणारं.

इंजिन यायला मधे बराच काळ गेला. मेबल चालायला शिकली, बोलायला शिकली, आणि द्राक्षं अख्खी मागायला शिकली. शेवटी खोकं आलं. ब्रायनीनं ते शिडीवरून वर नेलं. बाबांनी झाकण काढलं, इंजिन तळहातावर घेतलं, नाकासमोर धरलं, उलटं केलं. मग त्या दारावर नख ओढलं.

"माझीच चूक, बाबा. परत करूया का?"

"परत?" ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना? आधी हे दार बुजवायचं. मग चाकं कापायची. मग छप्पर. एकट्याचं काम नाही हे." आणि शिडीच्या तोंडाशी वाकून ओरडले, "क्लेम! करवत आणलीस का? मग चढ वर, आणि डोकं सांभाळ, तारा आहेत!"

खालून ऑर्मरॉडचं धापा टाकणं ऐकू आलं. बाबांनी रुळांवर घातलेलं कापड दूर केलं, इंजिन बाजूला ठेवलं आणि ब्रायनीकडे न पाहता म्हणाले,

"पुढच्या वर्षी गार्डाच्या डब्यासाठी पोस्टर काढ. आणि हे बघ, छापण्याआधी चित्र मला दाखवू नकोस."